शाळा चालू असताना मुलांना प्रवासाला नेताना

घरातलं लग्न, आजीची पंच्याहत्तरी, ठरावीक महिन्यातच मिळणारी नोकरीतली रजा, परदेशातल्या बहिणीला भेटायची एकमेव संधी. अशी कारणं खरी असतात आणि शाळेच्या सुट्ट्यांशी ती जुळतीलच असं नाही. मग पालक पहिला प्रश्न विचारतात, "किती दिवस शाळा बुडवलेली चालेल?" त्याआधी विचारायला हवं, "कोणते दिवस बुडणार?" भलत्या आठवड्यातले चार दिवस पुढे तीन महिने छळतात, आणि नीट निवडलेले सात दिवस आठवड्याभरात भरून निघतात. तारखा, अर्ज, अभ्यास, परतीचा दिवस ही सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी नियम कळू दे, तिकिटं नंतर

शाळेचं माहितीपत्रक किंवा डायरी उघडा आणि रजेचं पान शोधा. तीन गोष्टी वाचायच्या: परवानगी कोण देतं, अर्ज किती दिवस आधी लागतो, आणि परवानगीशिवाय गैरहजर राहिलं तर काय होतं. डायरीत हे नसेल तर कार्यालयात लेखी विचारा. दुसऱ्या पालकाने "काही होत नाही, आम्ही गेलो होतो" असं सांगितलं म्हणून भरवसा ठेवू नका. मुख्याध्यापक बदलले की नियमांची अंमलबजावणीही बदलते.

देशोदेशी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बदली होऊन नव्या देशात गेलेली कुटुंबं नेमकी इथेच अडकतात. इंग्लंडमध्ये 2013 पासून मुख्याध्यापक फक्त अपवादात्मक परिस्थितीत रजा देऊ शकतात, आणि फिरायला जाणं सहसा त्यात बसत नाही. तिथे प्रत्येक दिवस सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत मोजतात. शाळेच्या दहा आठवड्यांत विनापरवानगी 10 सत्रं, म्हणजे पाच पूर्ण दिवस भरले की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट 2024 पासून पहिल्या नोटिशीला 21 दिवसांत भरले तर 80 पौंड, त्यानंतर 28 दिवसांपर्यंत 160 पौंड. हा दंड प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे वेगळा असतो. आई-वडील दोघे आणि मुलं दोन असतील तर चार नोटिसा, म्हणजे 320 पौंड, उशीर झाला तर 640. तीन वर्षांत दुसऱ्यांदा घडलं तर थेट 160, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. मुलाची एरवीची हजेरी चांगली आहे हा बचावही तिथे चालत नाही. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 'नियमित' हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी, असा अर्थ लावला.

जर्मनीत शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि सुट्टीला चिकटून घेतलेल्या रजेकडे विशेष कडक नजरेने पाहतात. 2018 मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर सुट्टी लागण्याआधीच मुलांना घेऊन निघालेली कुटुंबं पोलिसांनी हेरली होती. नेदरलँड्समध्ये पालकाच्या व्यवसायाच्या स्वरूपामुळे शाळेच्या सुट्टीत जाणं अशक्य असेल तरच प्रवासासाठी रजा मिळते. तीही वर्षातून एकदा, जास्तीत जास्त शाळेचे 10 दिवस, आणि शालेय वर्षाच्या पहिल्या दोन आठवड्यांत नाहीच. कॅलिफोर्नियात शाळेने मान्य केलं तर स्वयंअध्ययनाचा लेखी करार करता येतो. तो निघण्याआधीच सह्यांसकट पूर्ण करून घ्यावा. भारतात लहान वर्गांमध्ये बरंचसं शाळेच्या हातात असतं, पण सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. हजेरी कमी पडली तर सवलतीसाठी आजारपणासारखं गंभीर कारण आणि त्याची कागदपत्रं लागतात. प्रवास त्यात मोडत नाही.

हजेरीचा हिशेब

टक्केवारीला घाबरू नका, पण ती कशी चालते ते समजून घ्या. वर्षात शाळेचे 200 दिवस असतील तर 10 दिवस म्हणजे 5 टक्के. वर्षअखेरीस हा आकडा किरकोळ दिसतो. पण प्रवास वर्षाच्या सुरुवातीला केला आणि तोवर शाळेचे 50 दिवसच झाले असतील, तर त्याच 10 दिवसांमुळे हजेरी 80 टक्क्यांवर येते. बऱ्याच शाळांची संगणकप्रणाली ठरावीक टक्क्यांखाली गेलं की आपोआप पत्र पाठवते. असं पत्र आलं तर भांडायला जाऊ नका. मंजूर रजेच्या अर्जाची प्रत जोडून दोन ओळींचं उत्तर द्या.

हिशेबात आजारपणाचे दिवस धरायला लोक विसरतात. लहान मूल वर्षातून दोनदा तापाने पडणार, एकदा पोट बिघडणार, कांजिण्या आल्या तर आठवडा जाणार. शाळेला 90 टक्के हजेरी लागत असेल तर 200 पैकी 20 दिवस हातात आहेत. त्यातले निदान आठ-दहा दिवस आजारपणासाठी राखून ठेवा आणि उरलेल्यातूनच प्रवासाचे दिवस काढा. मूल वारंवार आजारी पडत असेल तर त्या वर्षी प्रवास सुट्टीतच बसवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तारखा कशा निवडायच्या

शाळेचं वार्षिक नियोजन आणि मुलाचं आठवड्याचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवा. आधी टाळायचे आठवडे लाल पेनाने खोडा. नव्या वर्षाचे पहिले दोन आठवडे सगळ्यात महाग पडतात. बसायच्या जागा, मैत्र्या, वर्गाचे नियम, वह्यांची पद्धत हे सगळं तेव्हाच ठरतं. मागाहून आलेलं मूल दोन महिने पाहुण्यासारखं वावरतं. नवी शाळा असेल तर हे दुप्पट खरं. चाचणीच्या आधीचा आठवडा खोडा, आणि चाचणीनंतर पेपर हातात देऊन चुका समजावतात ते दोन-तीन दिवसही खोडा. मूल चुकांमधून सर्वांत जास्त शिकतं ते त्या दिवसांत, आणि पालकांच्या हिशेबात नेमके तेच दिवस येत नाहीत. प्रयोगशाळेतले तास, तोंडी परीक्षा, गटाने करायच्या प्रकल्पाचा शेवटचा आठवडा, नाटकाच्या किंवा खेळाच्या स्पर्धेच्या तालमीचे शेवटचे दिवस यांवरही फुली मारा.

उरतात ते दिवस. मोठी सुट्टी लागण्याआधीचे शेवटचे तीन-चार दिवस अभ्यासाच्या दृष्टीने सहसा सर्वांत स्वस्त पडतात, कारण नवीन काही सुरू होत नाही. पण काही देशांत नियम नेमके याच दिवसांसाठी कडक आहेत, तेव्हा आधीचा विभाग पुन्हा बघा. नंतर चांगली जागा म्हणजे चाचणीचे पेपर परत मिळाल्यावर आणि नवा धडा सुरू होण्याआधीची फट. ती कधी येते हे वर्गशिक्षकांना आठवडाभर आधी नाही, महिनाभर आधी विचारलं तरच सांगता येतं.

आता दिवसांची मांडणी. सोमवार ते शुक्रवार रजा घेतली तर मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतात आणि प्रत्येक विषयाचे आठवड्याचे सगळे तास बुडतात. गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार अशी रजा घेतली तर सहा दिवस मिळतात आणि चारच दिवस बुडतात. बुधवारचे तास तर दोन्ही आठवड्यांत वाचतात. जवळच्या प्रवासाला ही दुसरी मांडणी चांगली. लांबच्या प्रवासाला नऊ दिवसांचा पट्टा घ्यावा, पण मध्ये सार्वजनिक सुट्टी येणारा आठवडा शोधावा. एखादा विषय आठवड्यातून एकदाच असेल, समजा दर शुक्रवारी संगणक, तर लागोपाठ दोन शुक्रवार बुडणार नाहीत याकडे लक्ष द्या.

वर्गशिक्षकांशी बोलणं आणि अर्ज

क्रम असा ठेवा: वर्गशिक्षकांशी बोलणं, मग अर्ज, मग लेखी उत्तर, मग तिकिटं. हा क्रम उलटला की गडबड होते. "तिकिटं काढून झाली आहेत" या वाक्याने मुख्याध्यापकांवर दबाव येत नाही. आपल्याला विचारलं नाही, नुसतं कळवलं, एवढंच त्यांना दिसतं. बोलायला वर्ग सुटतानाची वेळ निवडू नका. वीस मुलं भोवती असताना शिक्षकांकडून "बघू" याशिवाय काही निघणार नाही. पाच मिनिटांची वेळ मागून घ्या.

अर्ज एका पानाच्या आत बसवा. त्यात तारखा, शाळेचे नेमके किती दिवस बुडणार, कारण, आणि अभ्यासाची जबाबदारी कोण घेणार या चार गोष्टी हव्यात. उदाहरणादाखल:

"माननीय मुख्याध्यापक, आमची मुलगी इयत्ता सहावी 'ब' मध्ये शिकते. तिच्या मावशीच्या लग्नासाठी आम्हाला परगावी जायचे आहे. त्यासाठी गुरुवार दि. 12 ते मंगळवार दि. 17 या काळात तिला रजा मिळावी, ही विनंती. यात शाळेचे चार दिवस येतात. या वर्षी आजपर्यंत ती आजारपणामुळे दोन दिवस गैरहजर होती. या चार दिवसांत कोणतीही चाचणी नसल्याची खात्री वर्गशिक्षिकांकडून करून घेतली आहे. राहिलेला वर्गपाठ परत आल्यापासून एका आठवड्यात आम्ही पूर्ण करून घेऊ. बुधवार दि. 18 रोजी ती शाळेत हजर राहील. आपला निर्णय लेखी कळवावा."

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. परतीची तारीख वाराने आणि आकड्याने लिहिली की पुढे वाद राहत नाही. दोन मुलं दोन शाळांत असतील तर दोन वेगळे अर्ज करा, पण दोन्हींतलं कारण आणि तारखा अक्षरशः सारख्या ठेवा. एक शाळा हो म्हणेल आणि दुसरी नाही, हे घडतं. म्हणून दोन्ही उत्तरं येईपर्यंत काहीही पक्कं करू नका.

ताप आला म्हणून खोटी चिठ्ठी देऊ नका. नीतीचा प्रश्न तर आहेच, शिवाय ही लबाडी टिकत नाही. आठ वर्षांच्या मुलाला ती गोष्ट दिवसभर वर्गात सांभाळावी लागते आणि त्याचा सगळा प्रवास लपवण्यात जातो. धाकटं भावंड पहिल्याच दिवशी समुद्राचं चित्र काढून मोकळं होतं. काही शाळा डॉक्टरांचा दाखला मागतात. आणि पुढच्या महिन्यात मूल खरोखर आजारी पडलं की तुमच्या शब्दाला वजन उरत नाही.

नकार आला तर

आधी कारण विचारा. पुष्कळदा नकार तारखांना असतो, प्रवासाला नाही. आठवडा पुढे ढकला, पाचाऐवजी दोन दिवस मागा, किंवा मुख्य कार्यक्रमापुरतीच रजा मागा. एक पालक आधी निघेल आणि दुसरा शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन येईल, हाही मार्ग आहे. तरीही जायचंच ठरवलं तर दंड, हजेरीपटावरची विनापरवानगी नोंद आणि तिचे परिणाम हिशेबात धरून, उघडपणे शाळेला कळवून जा. गुपचूप गायब होणं सर्वांत वाईट. मूल कुठे आहे हे शाळेला माहीत नसेल तर चौकशी सुरू होते, आणि लांबच्या अनुपस्थितीत काही ठिकाणी पटावरून नावही कमी होऊ शकतं. दोन आठवड्यांहून मोठा प्रवास असेल तर याबद्दल शाळेकडून लेखी उत्तर घ्याच.

अभ्यास काय न्यायचा

शिक्षकांकडे "या दिवसांचा अभ्यास काढून द्या" अशी मागणी करू नका. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलासाठी वेगळे कागद तयार करणं हे त्यांचं काम नाही, आणि मागितलेच तर घाईने काढलेल्या कंटाळवाण्या झेरॉक्स मिळतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. त्या दिवसांत प्रत्येक विषयाचा कोणता धडा सुरू असेल? त्यातली कोणती गोष्ट आम्ही घरी शिकवू नये? परत आल्यावर पहिल्या आठवड्यात काय जमा करायचं आहे?

मधला प्रश्न गणितासाठी आहे. वजाबाकी, भागाकार, दशांश यांची मांडणी शाळेत एका पद्धतीने शिकवतात आणि पालकांच्या डोक्यात दुसरी असते. हॉटेलच्या खोलीत बाबांनी आपल्या पद्धतीने भागाकार शिकवला की परतल्यावर मुलाच्या वहीत दोन पद्धतींची खिचडी होते. म्हणून नवा भाग शाळेवर सोडा आणि प्रवासात त्याच्या आधीचा भाग पक्का करून घ्या.

याला कारण आहे. इतिहासाचा एक धडा चुकला तर पुढचा धडा वाचून कळतो. गणितात तसं होत नाही. समजा तुमच्या मुलीच्या वर्गात त्या आठवड्यात लसावि शिकवला. ती परतली तेव्हा वर्ग भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेवर आहे. फळ्यावर 1/4 अधिक 1/6 लिहिलंय. बाकीची मुलं 12 हा समान छेद पटकन काढतात आणि 3/12 अधिक 2/12, उत्तर 5/12 असं लिहितात. तिला तो 12 कुठून आला तेच कळत नाही. ती वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवून 2/10 लिहून मोकळी होते. शिक्षकांना वाटतं अपूर्णांक कच्चे आहेत, पण खरी फट एका दिवसाच्या लसाविची असते. ती वेळेत सापडली तर अर्ध्या तासाचं काम. नाही सापडली तर वर्षभर 'हिला अपूर्णांक जमत नाहीत' हा शिक्का बसतो.

म्हणून निघण्याआधी पुस्तकात पुढच्या दोन आठवड्यांची पानं बघा आणि त्यांना आधार कशाचा लागतो ते ओळखा. इथे तीच मुलगी निघण्याआधी 2 ते 12 चे पाढे आणि दोन संख्यांचे विभाजक घोटून गेली असती, तर परतल्यावर लसावि तिला एका बैठकीत समजला असता.

सामान कमी ठेवा. एक वही, एक पेन्सिलपेटी, लागणाऱ्या पानांचे फोनवर काढलेले फोटो आणि गोष्टीचं एक पुस्तक. पहिली-दुसरीच्या मुलांना रोज वीस मिनिटं पुरतात, तिसरी ते पाचवीला अर्धा तास, त्यावरच्यांना पाऊण ते एक तास. वेळ सकाळची, बाहेर पडण्याआधी. रात्री करू असं ठरवलं की तो अभ्यास होत नाही. दिवसभर फिरून मूल दमलेलं असतं, मग रडारड होते आणि दोघांचाही दिवस खराब होतो. ज्या दिवशी गाडी, विमान किंवा लग्न आहे त्या दिवशी अभ्यास पूर्ण बंद.

प्रवासाची रोजनिशी लिहायला लावणं चांगलं, पण रोज एक पान ही सक्ती नको. तीन ओळी आणि एक तिकीट चिकटवणं पुरे.

परतीचा दिवस

रविवारी मध्यरात्री घरी पोहोचून सोमवारी सकाळी शाळा हे गणित हमखास चुकतं. मंगळवारी मूल सर्दीने किंवा थकव्याने घरी राहतं आणि चार दिवसांची रजा पाचांची होते. शाळेआधी एक पूर्ण दिवस घरी हवाच. लांबच्या विमानप्रवासात घड्याळ बदललं असेल तर झोप पूर्ण जुळायला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस धरा. पूर्वेकडे जाताना झोप जुळायला जास्त वेळ लागतो, पश्चिमेकडे थोडा कमी. तेवढे सगळे दिवस घरी काढणं जमणार नाही, पण पाच-सहा तासांचा फरक असेल तर शाळेआधी निदान दोन दिवस राखा, आणि सकाळच्या उन्हात मुलांना बाहेर काढा.

विमान रद्द झालं किंवा गाडी चुकली तर त्याच दिवशी शाळेला ईमेल करा. कंपनीचा रद्द झाल्याचा संदेश जोडा आणि नवी हजर होण्याची तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी केलेला खुलासा सबबीसारखा वाटतो. एकच पालक मुलांना घेऊन परदेशी जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवा. काही देशांत सीमेवर ते मागतात.

राहिलेलं भरून काढणं

पहिल्या संध्याकाळी सगळ्या वह्या उतरवून काढायला बसवू नका. पानंच्या पानं नुसती उतरवून हात दुखतो आणि डोक्यात काही शिरत नाही. पहिले दोन दिवस फक्त गणित बघा: वर्गाने सोडवलेल्या उदाहरणांतली दोन-तीन मुलाला समोर बसून सोडवायला सांगा. जिथे हात थांबेल तिथे फट आहे. मग भाषेतलं नवं व्याकरण आणि श्रुतलेखनाचे शब्द. विज्ञानात धडा वाचून होतो, पण प्रयोग बुडला असेल तर शिक्षकांना विचारा. दुसऱ्या तुकडीसोबत तो करता येईल का, हे विचारायला संकोच करू नका. इतिहास-भूगोल शनिवारी वाचून घ्या. वर्गपाठ नीट लिहिणाऱ्या एखाद्या मित्राच्या वहीचे फोटो निघण्याआधीच मागून ठेवले तर हे सगळं निम्म्या वेळात होतं. वही घरी मागू नका, त्या मुलाला ती त्याच संध्याकाळी लागते.

गटातला प्रकल्प असेल तर निघण्याआधी मुलाने आपला भाग उरकून गटाच्या हातात द्यावा. 'आल्यावर करतो' या आश्वासनावर गटातली मुलं चिडतात, आणि ती नाराजी शिक्षकांच्या शेऱ्यापेक्षा जास्त दिवस टिकते. वर्गात काय सांगायचं हेही मुलाशी आधी बोला. लाजाळू मुलाला "कुठे होतास?" या प्रश्नाचीच धास्ती असते.

आठवी-नववीपासून पुढे शाळेचे तीन दिवसही जपून घ्या, आणि बोर्डाच्या वर्षात अत्यंत गरजेच्या कौटुंबिक प्रसंगाशिवाय नकोच. तिथे अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि सराव परीक्षा एकमेकांत गुंतलेल्या असतात. एक बुडालं की तीन ठिकाणी सह्या अडतात.

परत आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी वर्गशिक्षकांना एकदा भेटा. विचारायचं एवढंच की कुठे मागे पडल्यासारखं दिसतंय का. दिसत असेल तर विषय नाही, नेमका धडा विचारून घ्या आणि तेवढाच भाग घरी पक्का करा. अर्जाची प्रत, शाळेचं उत्तर आणि तारखा एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्जात मागची रजा कधी घेतली आणि अभ्यास किती दिवसांत पूर्ण झाला, हे एका ओळीत लिहिता येतं, आणि मुख्याध्यापक ती ओळ वाचतात.